बकरीपाशी थांबलेली प्रार्थना

आमच्या घरी रविवारची उपासना संपताना सगळे गोल करून बसतात आणि शेजारच्याचा हात धरतात. मग एकेक जण मोठ्याने प्रार्थना करतो. आपलं बोलून झालं की उजवीकडच्याचा हात दाबायचा. म्हणजे आता तुझी पाळी. ज्याला मोठ्याने बोलायचं नसेल त्याने नुसता पुढचा हात दाबायचा. पाळी पुढे जाते आणि कुणी काही विचारत नाही. ही पद्धत कुणी काढली मला माहीत नाही, पण माझ्यासारख्या अबोल मुलीचा विचार करूनच काढली असावी असं मला वाटायचं.

मी नेहमी हात दाबून मोकळी व्हायचे. माझ्या डावीकडे आत्याबाई बसते. ती बाबांची दूरच्या नात्यातली बहीण, सत्तरीच्या पुढची. तिच्या तळहातावर विळ्याचे जुने वण आहेत, ते हाताला लागतात. उजवीकडे आई. आत्याबाईने माझा हात दाबला की दुसऱ्या क्षणी मी आईचा दाबायचे. वीजप्रवाह जावा तशी पाळी माझ्यातून जायची आणि मला काही व्हायचं नाही.

गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. पोलीस ठाण्याचंही नाही. गोंदियापासून एसटीने येता येतं आणि दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं आहेत, एवढं पुरे. आठवडाभर मी गोंदियात एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते, शनिवारी गावी येते. काउंटरवर रिपोर्ट देताना जेवढं बोलावं लागतं तेवढंच बोलायची मला सवय आहे.

आई येशूच्या उपासनेला का जाऊ लागली, पुढे ती आमच्याच घरी का भरू लागली, कशाने, कुणामुळे, हेही मी लिहिणार नाही. हा प्रश्न आम्हाला नातेवाइकांनी विचारला, पोलीस पाटलाने विचारला, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी बायांनी विचारला. शेवटी ठाण्याच्या साहेबांनी विचारला. जो उठतो तो आधी कारण मागतो. बाबा दर महाशिवरात्रीला नागऱ्याच्या देवळात जातात, त्यांना कधी कुणी म्हटलं नाही की का जाता, कारण सांगा. आई त्या दिवशी त्यांच्यासाठी पहाटे उठून साबुदाणा भिजवते. आमच्या घरात ही गोष्ट अशी मिटलेली आहे. ज्यांच्या घरात ती मिटलेली नाही त्यांनी आपापल्या घरात बघावं.

बाबा उपासनेत बसत नाहीत. रविवारी आम्ही आत बसलो की ते सपरीत, म्हणजे बाहेरच्या पडवीत, दोऱ्या वळत बसतात. गाणं आवडलं की त्यांचा हात थांबतो. हे मी खिडकीतून कितीदा पाहिलंय, त्यांना सांगितलेलं नाही.

उपासना घ्यायला आमगावकडून एक जण मोटारसायकलवर येतात. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. आठवडाभर सेंट्रिंगची कामं करतात, त्यामुळे नखांत सिमेंट असतं. पाठीला ढोलकी बांधून येतात. बसणाऱ्या आम्ही बहुतेक बायाच. जागा म्हणजे आमची धानाची खोली. मळणी झाली की भिंतीला पोती लागतात आणि बसायला जागा कमी पडते. मग आमचा गोल गोल राहत नाही, जरा लांबट होतो.

तो रविवार मळणीनंतरचा होता. पोती छतापर्यंत गेली होती. गाणी झाली, बायबलमधलं वचन वाचून झालं, आम्ही हात धरले. पाळी फिरत आत्याबाईपर्यंत आली. तिची प्रार्थना कधीच आटोपशीर नसते. ती देवाशी बोलते तशी सुनेशीही बोलत नाही.

"देवबापा," ती म्हणत होती, "माही बकरी चरून नाई राहिली. पोट फुगलं हाये तिचं. दोन पिल्लं हायेत, ते कोनाले पेतील? तूच सांग. डॉक्टर आला, सुई देऊन गेला, पैसे बी घेऊन गेला..."

कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात अंगणात जीप थांबली.

मला आधी बूट ऐकू आले. आमच्या घरात बुटांचा आवाज होत नाही, सगळे सपरीच्या खालीच चपला काढतात. साहेब, दोन शिपाई, एक लेडी कॉन्स्टेबल आणि त्यांच्या मागे गावातले तीन-चार तरुण, मोबाइल वर धरून. त्यांतल्या एकाला आईने मागच्या उन्हाळ्यात आमच्याच अंगणात आंब्याचं पन्हं दिलं होतं. त्याने मोबाइल थोडा आपल्या चेहऱ्यापुढे धरला.

"चलो, बंद करो ये सब," साहेब म्हणाले. "कोण घेऊन राहिलं हे? परमिशन आहे का?"

भाऊ उठून उभे राहिले. "मी घेतो, साहेब. घरात प्रार्थना आहे. परमिशन कशाची?"

"ते ठाण्यात सांगतो तुले."

आत्याबाईने माझा हात सोडला नव्हता. तिचे डोळेही मिटलेलेच होते. प्रार्थना मध्येच तोडायची नसते, आमेन म्हणेपर्यंत डोळे उघडायचे नसतात, हे तिने एकदा ठरवलं ते ठरवलं. शिपाई तिच्यासमोर उभा राहिला, खाकरला. शेवटी म्हणाला, "ओ म्हातारी, झोपली का?"

"देवाशी बोलून राहिली ना जी," आत्याबाई डोळे न उघडता म्हणाली. "थांब जरासा."

तो थांबला नाही. त्यांना धर्मांतराचा पुरावा म्हणून पुस्तकं हवी होती, तेलाच्या बाटल्या, वाटायचं सामान, असं काहीतरी. आमच्याकडची तीन बायबलं उघड्यावरच होती. तेवढ्याने त्यांचं समाधान होईना. एका शिपायाने पोत्याची सुतळी सोडून आत हात घातला. पोतं कलंडलं आणि धान भसकन जमिनीवर आलं. तो त्याच्यावरून चालत दुसऱ्या पोत्याकडे गेला.

 आता आई उभी राहिली.

"बूट काढ," ती म्हणाली.

"काय?"

"धानावर उभा हायेस बापा. तुह्या घरी काय खातेत? बूट काढ, नाईतं खाली उतर."

तो खरंच उतरला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा त्याला आपण काय केलं ते कळलं. मग तो जास्तच मोठ्याने ओरडू लागला. आम्हाला सगळ्यांना जीपमध्ये बसायला सांगितलं. सगळे मावत नव्हतो म्हणून जीपच्या दोन फेऱ्या झाल्या. ढोलकी त्यांनी वेगळी घेतली. भाऊ चढता चढता शिपायाला एवढंच म्हणाले, "ती उन्हात नको ठेवा जी, चामडं तडकते." बाबा त्या दिवशी सपरीत नव्हते, खळ्यावर उरलेला भुसा भरायला गेले होते, त्यांना सांगायला कुणीतरी धावलं.

ठाण्यात एक लांब बाकडं होतं. भाऊंना आतल्या खोलीत नेलं. आम्ही बाकड्यावर बसलो आणि न ठरवता घरी बसतो त्याच क्रमाने बसलो. आधी काही जणी, मग आत्याबाई, मी, आई, पुढे बाकीच्या. हातसुद्धा धरले गेले. भीती वाटत होती, आणि हात धरून बसायची सवय होती.

साहेबांनी डावीकडच्या टोकापासून विचारायला सुरुवात केली. नाव काय, का जाता, कुणी नेलं, काय मिळालं. पहिलीने उत्तर दिलं आणि सवयीने पुढचीचा हात दाबला. पुढची लगेच बोलायला लागली. तिने बोलून झाल्यावर पुढचा हात दाबला. साहेबांनी विचारायच्या आधीच एकेक जण बोलत होती आणि साहेब मान वळवत मागे पडत होते.

लेडी कॉन्स्टेबलच्या ते लक्षात आलं. "साहेब, ह्या हातानं इशारे करून राहिल्या."

"ओ, हात सोडा! हे काय चाललंय?"

आम्ही हात सोडले. तेव्हा पाळी नेमकी आत्याबाईवर होती.

"मावशी, तुमाले किती पैसे भेटले?" साहेबांनी विचारलं.

"कायचे?"

"धरम बदलायचे."

आत्याबाई पुढे सरकली. "भेटून राहिले का? कुठी? मले तं कोनी सांगतलंच नाई. साहेब, कोन वाटून राहिला त्याचं नाव सांगा जी, माही बकरी बिमार हाये."

मागच्या टेबलावरचा शिपाई हसला आणि त्याने फाइलमध्ये तोंड घातलं. साहेबांनी टेबलावर हात आपटला. आत्याबाईने माझा हात दाबला. हात सोडायला सांगितलं होतं, पण तिचं बोलून झालं होतं ना. आणि मी, पोलीस ठाण्यात, साहेब समोर असताना, विचार न करता आईचा हात दाबला. पाळी पुढे गेली. आईने सांगितलं की तिला कुणी नेलं नाही, ती चालत गेली.

मग आम्हाला बसवून ठेवलं. मी माठातलं पाणी घ्यायला उठले तेव्हा लेडी कॉन्स्टेबल माझ्यामागे आली. मला वाटलं रागावणार. ती हळूच म्हणाली, "ताई, ते पोरं सांगत होते, तू गोंदियात कॉन्व्हेंटले शिकली ना? कशी हाये ती शाळा? माह्या पोरीले तिथंच टाकाचं म्हणून राहिलो आमी. ॲडमिशन भेटते का?"

मी तिच्याकडे पाहिलं. त्या शाळेत मी दहावीपर्यंत होते. रोज सकाळी ग्राउंडवर रांगेत उभं राहून, हात जोडून, डोळे मिटून आम्ही येशूची प्रार्थना इंग्रजीत म्हणायचो. पोवार शेतकऱ्यांची मुलं, सिंधी व्यापाऱ्यांची मुलं, पोलीस लाइनमधली मुलं. फी भरून. पालक गेटबाहेर स्कूटरवर बसून ऐकायचे आणि आपल्या मुलाचा उच्चार किती छान आहे म्हणायचे. त्यांच्यातलं कुणी कधी तक्रार द्यायला गेलं नाही. तीच प्रार्थना माझ्या आईने आमच्या बोलीत, जमिनीवर बसून म्हटली की जीप येते.

"चांगली आहे शाळा," मी तिला म्हणाले. "रोज सकाळी प्रार्थना असते."

 ती माठावरचं झाकण नीट करून निघून गेली.

दुपार उतरल्यावर साहेबांनी आम्हाला पुन्हा बोलावलं. आता त्यांचा आवाज मऊ होता. "हे पहा, मला कुणाला त्रास द्यायचा नाही. गावात शांतता राहिली पाहिजे. एक लिहून द्या की यापुढे घरात प्रार्थनेसाठी लोक जमवणार नाही. सगळ्या जणी सही करा, अंगठा करा. त्या माणसाला लगेच सोडतो. तोही घरी जाईल, तुम्हीही जा." मग कोरा कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवला. "तू शिकलेली आहेस. लिही, मी सांगतो."

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. दोन साध्या ओळी होत्या. लिहिल्या तर भाऊ सुटणार होते, त्यांची बायको घरी वाट बघत असणार होती. आणि लिहिल्या तर पुढच्या रविवारी धानाच्या खोलीत फक्त धान असणार होतं. आईला आठवड्यातून एकदा हात धरून बसायला जागा राहणार नव्हती. तेही माझ्या अक्षरात.

मी पेन उचललं. शिकलेल्या माणसाला हे फार सोपं वाटतं, समोर कागद आला की लिहायचं. आतल्या खोलीतून भाऊंचा खोकला ऐकू आला.

तेव्हा आईने माझा पेन धरलेला हात दाबला.

ती माझ्या उजवीकडे होती. पाळी उजवीकडे जाते. इतक्या रविवारांत उलट्या बाजूने हात दाबलेला मी कधी पाहिला नव्हता. तिने दाबला आणि तसाच दाबून धरला. पाळी पुढे द्यायला जागा नव्हती.

"साहेब," मी म्हणाले. माझा आवाज इतका बारीक होता की ते "काय?" म्हणाले आणि मला पुन्हा म्हणावं लागलं. "साहेब, घरात प्रार्थना करायला मनाई आहे का?"

"मी काय सांगून राहिलो मघापासून?"

"मग तसं तुम्ही लिहून द्या. कोणत्या नियमाने मनाई आहे ते. सही आणि शिक्का लावून. ते वाचून आम्ही लिहू."

 साहेब खुर्चीत मागे टेकले. "इंग्लिश मीडियम. म्हणून जीभ चालते."

"जीभ?" आई म्हणाली. "हिची? साहेब, हे पोरगी घरात बी बोलत नाई. तुमीच बोलती केली."

मी पेन कागदावर ठेवलं आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.   

तेवढ्यात बाबा आले. निरोप उशिरा मिळाला होता, खळ्यावरून तसेच आले होते, केसांत भुसा होता. साहेबांना बरं वाटलं. घराचा मालक आला, बाप्या माणूस, समजूतदार असेल. त्यांनी कागद बाबांपुढे सरकवला. "पाटील, तुम्ही तर हिंदू आहात. तुमच्या घरात हे काय चाललंय? तुम्ही सही करा, विषय संपला."

बाबांनी कागद उलटा करून पाहिला. दोन्ही बाजू कोऱ्या होत्या.

"मी नाई बसत त्यात," ते म्हणाले. "मले त्यातलं कायी समजत बी नाई. पन साहेब, माह्या घरी सत्यनारायण झाला तवा मी तुमाले इचारलं नाई. बापाची तेरवी झाली, गाव जेवलं, तवा इचारलं नाई. मंग ह्याले कायले इचारू? घर माहं हाये. त्यात कोन बसंल, कोनाचं नाव घेईल, ते आमी घरचे पाहू."

मग आईकडे वळून म्हणाले, "अवो, ते धान कोनं सांडलं?"

आईने शिपायाकडे बोट दाखवलं. शिपायाने खिडकीबाहेर पाहिलं.

दिवेलागणीला आम्हाला सोडलं. कागद कोराच राहिला. भाऊंना मात्र सोडलं नाही, आणि ते माझ्या हिशेबात जमा आहे हे मला परतीच्या वाटेवर प्रत्येक पावलाला कळत होतं. दुसऱ्या दिवशी ते सुटले, तेव्हा मी लॅबला न जाता घरीच होते. आई त्यांना फोनवर रडत रडत म्हणाली की पोरीने लिहिलं असतं तर तुम्ही कालच सुटला असता. पलीकडून भाऊ म्हणाले ते मलाही ऐकू आलं. "लिहिलं असतं तं मी सुटून कुठं आलो असतो, बाई?"

त्यांना आमच्या गावात यायचं नाही असं तोंडी सांगितलं होतं. लेखी त्यांनीही मागितलं, मिळालं नाही. ढोलकी जप्त होती.

आठवडाभर गावात व्हिडिओ फिरला. त्यात आत्याबाई डोळे मिटून बसलेली दिसते आणि खाली कुणीतरी लिहिलं होतं की म्हातारीला गुंगीचं काहीतरी दिलंय. आत्याबाईला ते दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "माहा चेहरा चांगला आला हाये." लॅबमध्ये माझ्यासोबत काम करणाऱ्या मुलीने व्हिडिओ पाहिला आणि डबा खाताना थोडी लांब बसली.  पण शनिवारी एसटीत बसताना मला पहिल्यांदा असं वाटलं नाही की खिडकीकडे तोंड करून बसावं.

रविवारी आईने धानाची खोली झाडली. कोण येईल माहीत नव्हतं. दोघी आल्या नाहीत. एकीच्या सासऱ्याने तिला खोलीत कोंडलं होतं, दुसरीने निरोपही दिला नाही. बाकीच्या आल्या. भाऊ नव्हते, ढोलकी नव्हती. आईने पितळेची परात उपडी घातली आणि एकीने तिच्यावर ताल धरला. कर्कश वाजत होतं. कोंबड्या आत येऊन चोचीने पोती फोडतात म्हणून आमच्या खोलीचं दार उपासनेच्या वेळी नेहमी लावलेलं असतं. त्या दिवशी आईने दोन्ही फळ्या सताड उघडल्या आणि कोंबड्या हाकलायला बाबांना दाराशी बसवलं. बाबा दोरी घेऊन बसले.

गाणं चालू असतानाच जीप आली. अंगणात आली नाही, समोरच्या रस्त्यावर थांबली. कुणी उतरलं नाही. इंजिन चालू ठेवून बघत राहिले. एका बाईचा सूर घसरला. बाबांनी मान वर केली, जीपकडे पाहिलं आणि पुन्हा दोरी वळायला लागले.

आम्ही हात धरले. दोघी कमी होत्या, त्यामुळे हात लांब करावे लागले. पहिली पाळी कुणी घ्यायची ते भाऊ सांगायचे. आता कुणालाच कळेना.

"मागल्या येळी बकरीपाशी थांबलो होतो," आत्याबाई म्हणाली. "तिथूनच घ्या. पाळी माही हाये." तिने डोळे मिटले. "देवबापा, मागल्या रविवारी माहं बोलनं अर्धं राह्यलं. तुले मालूम हाये काऊन राह्यलं. बकरी आता चरून राहिली हाये, पिल्लं पेऊन राहिले हायेत. आमेन."

तिने माझा हात दाबला. विळ्याचे वण हाताला लागले.

आईचा हात माझ्या उजव्या हातात होता. तिने बोटं सैल ठेवली होती, मी दाबेन म्हणून. मी दाबला नाही.

मी काय म्हणाले ते इथे लिहिणार नाही. ज्यांना ऐकायचं होतं त्यांच्यासाठी दार उघडं होतं. जीपचं इंजिन सारखं घरघरत होतं, त्यामुळे मला मोठ्याने बोलावं लागलं.